आपल्या यादीत नसलेली माणसं

आजचा शास्त्रपाठ: योहान 4:1-42, लूक 10:25-37, 1 योहान 3:16-18



आज सकाळी प्रार्थनेला बसलात तेव्हा कुणाकुणाची नावं घेतलीत? आई-बाबा, भावंडं, जवळची दोन-चार मित्रमंडळी, मंडळीतलं कुणी आजारी असेल तर ते. आपल्या प्रत्येकाची अशी एक यादी असते. यादीतल्या माणसांवर आपण प्रीती करतो, आणि मनापासून करतो. त्यात चूक काहीच नाही.

पण लूकच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री प्रभूला विचारतो की माझा शेजारी कोण. वरवर साधा प्रश्न आहे. खरं तर त्याला जाणून घ्यायचंय की यादी कुठे संपते, म्हणजे कुणावर प्रीती केली नाही तरी चालेल. प्रभू त्याला यादी देत नाही, एक गोष्ट सांगतो. आणि त्या गोष्टीत प्रीती करतो तो कोण? शोमरोनी! ज्याचं नाव त्या शास्त्र्याच्या यादीत कधीच आलं नसतं, तो.

आज मनन करताना मला एका बाईंचं आयुष्य डोळ्यांसमोर येत राहिलं. पंडिता रमाबाई. आपल्यापैकी बहुतेकांना त्या संडे स्कूलपासून ठाऊक आहेत. पांढरं लुगडं, केडगाव, मुक्ती मिशन, बस्स. पण त्यांचं आयुष्य नीट वाचलं की एक गोष्ट लक्षात येते. त्यांचीसुद्धा यादी होती. देव ती लांबवत गेला, आणि प्रत्येक वेळी रमाबाईंना त्याची किंमत मोजावी लागली.

ज्यांच्या दारी कुणी आलं नाही

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवायचं त्यांनी ठरवलं आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. त्या काळात बाईनं देवभाषा शिकणं म्हणजे अधर्मच. म्हणून हे कुटुंब रानात येऊन राहिलं. पुढे आई लक्ष्मीबाईंनीच रमाबाईंना शिकवलं. लहान वयात भागवताचे हजारो श्लोक त्यांना तोंडपाठ होते.

कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत देशभर फिरायचं. मग 1870 च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचं होतं नव्हतं ते विकून झालं. आधी वडील गेले, काही महिन्यांत आई गेली, मग मोठी बहीण. आई गेली तेव्हा तिला स्मशानात न्यायला पुरेशी माणसंसुद्धा मिळेनात. परक्या गावातलं गरीब कुटुंब, कोण येणार? शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. भाऊ श्रीनिवास तिसरा, आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी पडत होती म्हणून त्यांनी तिरडीची बाजू डोक्यावर घेतली.

हा प्रसंग विसरू नका, मित्रांनो. आपण कुणाच्याच यादीत नाही म्हणजे काय, हे रमाबाई पुस्तकातून शिकल्या नाहीत.

त्यानंतर बहीण-भाऊ वर्षानुवर्षं पायी फिरले, उपाशी, थंडीत कुडकुडत. 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले आणि तिथल्या पंडितांनी या तरुण मुलीचं ज्ञान पाहून तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. काल जिला कुणी विचारत नव्हतं, तिची भाषणं ऐकायला आता गर्दी व्हायला लागली.

1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. प्रांत वेगळा, जात वेगळी, त्यामुळे नोंदणी पद्धतीनं. मुलगी झाली, मनोरमा. आणि 1882 च्या फेब्रुवारीत पतीचं कॉलऱ्यानं निधन झालं. चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाई विधवा झाल्या, पदरी तान्ही मुलगी.

या छोट्याशा संसारात एक गोष्ट घडून गेली होती. पतीच्या पुस्तकांमध्ये त्यांना बंगालीतलं एक लहानसं पुस्तक सापडलं होतं, लूकचं शुभवर्तमान. म्हणजे आज आपण वाचतोय तेच शुभवर्तमान! बी तेव्हाच पडलं होतं.

फुलहॅममध्ये काय दिसलं

रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून आलेल्या पैशांवर 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं. पण कानानं कमी ऐकू यायला लागलं होतं, त्यामुळे ते राहून गेलं. स्वप्न तिथेच मोडलं. आपल्यातल्या कितीजणांना हे ओळखीचं वाटेल, नाही?

वाँटेज इथल्या सिस्टर्सकडे त्या राहत होत्या. या सिस्टर्सचं एक काम लंडनजवळ फुलहॅमला चालायचं. समाज ज्यांना पतित म्हणतो अशा स्त्रियांसाठी तिथे घर होतं. रमाबाईंना तिथे नेण्यात आलं.

त्यांनी जे पाहिलं त्यानं त्या हलून गेल्या. विधवांसाठी त्यांचा जीव आधीपासून तुटत होताच. पण विधवा निर्दोष असते. तिच्यावर अन्याय झालेला असतो, तिची दया येणं सोपं असतं. आणि ह्या बायका? यांच्याबद्दल रमाबाईंनी लहानपणापासून शास्त्रांमध्ये एकच ऐकलं होतं की यांना क्षमा नाही, यांच्यासाठी जागा नाही. इथे मात्र चांगल्या घरच्या सिस्टर्स त्यांची शुश्रूषा करत होत्या, त्यांना काम शिकवत होत्या, आणि काहींचं आयुष्य खरोखर पालटलेलं दिसत होतं.

हे कशामुळे, असं रमाबाईंनी विचारलं. तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली गोष्ट वाचून दाखवण्यात आली. विहिरीवरची शोमरोनी स्त्री. भर दुपारी एकटी पाण्याला आलेली, पाच नवरे होऊन गेलेली, गावच्या तोंडी असलेली. आणि प्रभू येशू तिच्याकडे पाणी मागतो. तिच्याशी बोलत बसतो. तिचं सगळं माहीत असूनही.

रमाबाईंना तिथे उमगलं की हाच तो, जो स्त्रीला उचलून उभं करू शकतो. 29 सप्टेंबर 1883 ला रमाबाई आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

इथे जरा थांबू या. रमाबाईंना येशूकडे नेण्यात मोठा वाटा एका वादविवादाचा नव्हता. वादात त्या कुणाला ऐकल्या असत्या? अर्ध्या देशातल्या पंडितांशी चर्चा करून आल्या होत्या त्या! त्यांनी प्रीती काम करताना पाहिली आणि मग तिचं मूळ शोधलं. आपल्या ऑफिसात, कॉलेजात, सोसायटीत कुणी आपल्याला पाहून असा प्रश्न विचारेल का, की तुम्ही हे का करता?

आणखी एक. बाप्तिस्मा झाला म्हणून रमाबाई मान हलवत बसल्या नाहीत. शिकवणुकीच्या बाबतीत, चर्चच्या अधिकाराच्या बाबतीत त्यांचे सिस्टर जेराल्डिनशी जोरदार मतभेद झाले. पत्रांमध्ये दोघी चांगल्याच भांडल्या आहेत. पण त्याच पत्रांत रमाबाई त्यांना प्रेमानं आजीबाई म्हणतात. मतभेद झाला की आपण काय करतो? ग्रुप सोडतो, अनफॉलो करतो. प्रीती म्हणजे प्रत्येक गोष्टीला हो म्हणणं नव्हे. आणि नाही म्हटलं की नातं तोडायलाच हवं, असंही नाही.

पहिली यादी आणि तिची किंमत

1886 मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे राहून त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, 1887 मध्ये ते आलं. विषय होता उच्चवर्णीय हिंदू स्त्रीचं जीवन. शीर्षकातच यादी आहे बघा, उच्चवर्णीय. त्या वेळी त्यांच्या मनातलं ओझं त्या स्त्रियांपुरतं होतं, कारण बालविधवांचे हाल त्या घरांत त्यांनी जवळून पाहिले होते. बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी एक संघ उभा राहिला आणि त्यानं दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं.

11 मार्च 1889 ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. तिथे कुणावरही धर्माची सक्ती नव्हती. मुली आपापले आचार पाळू शकत होत्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. सुरुवातीच्या मुलींपैकी एक गोदूबाई, बालविधवा. 1893 मध्ये तिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. ती हिंदूच राहिली, आणि पुढे कर्व्यांनी विधवांच्या शिक्षणाचं केवढं काम उभं केलं ते महाराष्ट्राला माहीत आहे. रमाबाईंनी लावलेलं झाड दुसऱ्याच्या अंगणात बहरलं. प्रीती करताना फळ आपल्याच टोपलीत पडलं पाहिजे असा हट्ट धरता येत नाही.

पण त्याच 1893 मध्ये मोठं वादळ आलं. रमाबाई रोज सकाळी मनोरमेबरोबर प्रार्थना करायच्या तेव्हा खोलीचं दार लावत नसत. काही मुली येऊन बसायला लागल्या. वर्तमानपत्रांतून, विशेषतः 'केसरी'तून, टीका सुरू झाली की सदनाच्या आडून धर्मांतर चाललंय. सल्लागार मंडळ बाहेर पडलं. पालकांनी बऱ्याच मुली घरी नेल्या.

प्रामाणिकपणे सांगायचं तर या प्रकरणात दोन्ही बाजूंना दुखावलं गेलं. ज्यांनी विश्वासानं मुली पाठवल्या होत्या त्यांची भीती खोटी होती असं म्हणून आपण मोकळं होऊ नये. रमाबाईंचं म्हणणं एवढंच होतं की मी कुणाला बोलावत नाही, पण आलेल्या मुलीला हाकलणारही नाही, आणि माझी भक्ती लपवणारही नाही. नाव गेलं, मित्र गेले. तरी ज्या मुली राहिल्या त्यांच्यासाठी स्वयंपाकघर आणि वर्ग दुसऱ्या दिवशीही सुरूच होते. टीकेला उत्तर देण्यापेक्षा मुलींना जेवू घालणं जास्त महत्त्वाचं असतं, हे त्यांना कळत होतं.

दुष्काळ परत आला

1896 मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडल्याच्या बातम्या यायला लागल्या. रमाबाईंना स्वतःचं तरुणपण आठवलं. रानातली भूक, आईची तिरडी. त्या उठल्या आणि तिकडे गेल्या.

गुरांसारखी माणसं कोंडलेली होती. हाडांचे सापळे झालेली मुलं. आणि एकट्या पडलेल्या मुलींना हेरत फिरणारी माणसंही होती. भुकेल्या मुलीला पळवायला काय लागतं? एक भाकरी.

आता विचार करा. शारदा सदन कुणासाठी होतं? उच्चवर्णीय विधवांसाठी. अमेरिकेतून येणारी मदत त्यासाठी होती, आणि तिची दहा वर्षंही संपत आली होती. समोर होत्या त्या मुली वेगवेगळ्या जातींच्या, कित्येक विधवा नव्हत्याच, अंगावर खरूज, डोक्यात उवा, भाषा निराळी. या मुली यादीत नव्हत्या.

रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली आणल्या.

यादी तिथे फाटली. आणि लगेच अडचण उभी राहिली, कारण पुण्यात प्लेग होता आणि निर्बंधांमुळे इतक्या नव्या मुलींना शहरात ठेवता येईना. पुण्यापासून साधारण 55 किलोमीटरवर, रेल्वेलगत केडगावला, फळबाग करून सदनाला उत्पन्न मिळावं म्हणून रमाबाईंनी जमीन घेऊन ठेवलेली होती. मुलींना तिथे नेलं. घर नव्हतं. तात्पुरता निवारा उभारला. शारदा सदनातल्या शिकलेल्या मोठ्या मुली या नव्या मुलींच्या शिक्षिका झाल्या, देखभाल करणाऱ्या झाल्या. ज्या घरांत सोवळं-ओवळं पाळलं जायचं तिथून आलेल्या विधवा आता दुष्काळातून आलेल्या परक्या लेकरांना न्हाऊ घालत होत्या.

असं मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी शेकडो मुली आल्या. एके काळी तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

रोज दोन हजार माणसांचं जेवण म्हणजे काय, ते आपल्या घरात चार पाहुणे आले तर आईला विचारा! विहिरी खणाव्या लागल्या. शेती, गाईगुरं, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं मुली आणि बायका शिकल्या. रमाबाईंना नुसतं पोसायचं नव्हतं. हाताला काम आणि डोक्यात अक्षर असलेली बाई पुन्हा कुणाच्या दयेवर राहत नाही. दया वाटणं ही सुरुवात झाली. समोरच्याला आपली गरज उरू नये म्हणून झटणं, ही प्रीती.

यादी लांबतच गेली

केडगावला कृपा सदन सुरू झालं. कुणासाठी? फुलहॅममध्ये पाहिल्या होत्या तशा स्त्रियांसाठी. इतक्या वर्षांपूर्वी वाँटेजच्या सिस्टर्सकडून पाहिलेलं त्या विसरल्या नव्हत्या. मग अंध स्त्रियांसाठी घर. मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आली होती, ती त्यांना वाचायला शिकवायची. मग म्हाताऱ्या बायका, मग मुलगेसुद्धा.

विधवा, मग दुष्काळग्रस्त, मग पतित म्हटलेल्या, मग अंध, मग वृद्ध. प्रत्येक टप्प्यावर रमाबाई सहज म्हणू शकल्या असत्या की माझं पाचारण विधवांसाठी आहे, बाकीच्यांचं दुसरं कुणी बघेल. आणि ते वाक्य अगदी आत्मिक वाटलं असतं. याजक आणि लेवीसुद्धा बहुधा असंच काहीतरी मनात म्हणत पुढे गेले असतील.

शेवटच्या जवळजवळ पंधरा वर्षांत रमाबाईंनी एक काम हाती घेतलं, पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर. तेव्हाचं मराठी शास्त्र त्यांना अवघड वाटायचं. संस्कृत कोळून प्यालेल्या बाईला नव्हे, तर नुकतीच अक्षरं लावायला शिकलेल्या खेड्यातल्या बाईला. त्या बाईसाठी रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत मुक्तीतल्या बायकांनीच काम केलं. एवढी मोठी पंडिता, आणि तिची सगळी विद्या कशासाठी, तर सगळ्यात कमी शिकलेल्या बहिणीला देवाचं वचन स्वतः वाचता यावं म्हणून.

24 जुलै 1921 ला मनोरमा गेली, चाळिसाव्या वर्षी. जी पुढे सगळं सांभाळेल असं वाटत होतं, ती आधी गेली. आई-वडील, बहीण, भाऊ, पती, आणि आता एकुलती एक लेक. स्वतःच्या रक्ताचं जवळचं असं कुणीच उरलं नाही. रमाबाईंनी राहिलेलं भाषांतर हातावेगळं केलं आणि 5 एप्रिल 1922 ला त्या प्रभूकडे गेल्या.

ज्या मुलीच्या आईला खांदा द्यायला चार माणसं मिळत नव्हती, तिच्या मागे रडायला केडगावात शेकडो लेकी होत्या.

आपल्यासाठी

योहान आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सांगतो की प्रीती नुसत्या बोलण्यात नको, करण्यात आणि खरेपणात हवी. हे आपल्याला पाठ आहे. पण मला वाटतं, आपली अडचण कोरड्या शब्दांची कमी आणि यादीची जास्त आहे. यादीतल्या माणसांसाठी आपण कृती करतोच. वाढदिवसाला केक नेतो, दवाखान्यात रात्र काढतो. यादीबाहेरच्या माणसासाठी मात्र आपल्याकडे फार तर एक स्टेटस असतं.

आणि एक धोका आहे. रमाबाईंची गोष्ट वाचून आपल्याला वाटतं, दोन हजार माणसं! आपल्याच्यानं काय होणार? पण त्यांनी दोन हजारांवर प्रीती करायचं कधी ठरवलं नव्हतं. समोर आलेल्या पुढच्या माणसाला त्या नाही म्हणाल्या नाहीत, इतकंच. यादी एकेका नावानं वाढली.

म्हणून आज एकच काम करू या. जगाचा विचार नको. आपल्या रोजच्या रस्त्यावरचा एकच माणूस आठवा, जो आपल्या यादीत नाही. सोसायटीचा रात्रपाळीचा वॉचमन असेल. पीजीमधली ती मुलगी असेल, जिच्याबद्दल सगळे कुजबुजतात. मंडळीत शेवटच्या बाकावर बसून उपासना संपायच्या आधीच निघून जाणारा कुणी असेल. त्याचं नाव माहीत आहे का? नसेल तर आज विचारा. विहिरीवर प्रभूनं त्या स्त्रीशी बोलणं सुरू केलं ते उपदेशानं नाही, थोडं पाणी मागून. तिला काहीतरी देता येईल अशी जागा त्यानं तिला दिली. आपणही तिथूनच सुरुवात करू शकतो.

आणि त्याची किंमत पडली, वेळ गेला, कुणी नाव ठेवलं, फळ दुसऱ्याच्या अंगणात पडलं, तर घाबरू नका. आपण स्वतः कुणाच्या यादीत होतो? प्रभूनं आपलं नाव तिथे लिहिलं, ते काही स्वस्तात लिहिलं नाही.

प्रार्थना

हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, मी दूर होतो तेव्हा तू मला जवळ घेतलंस, याबद्दल मी तुझे आभार मानतो. तुझी दासी रमाबाई हिच्या जीवनाबद्दल तुझी स्तुती करतो. माझी यादी फार लहान आहे, प्रभू. ती मीच लहान ठेवली आहे. आज तू ज्या एका माणसाला माझ्यासमोर आणशील त्याला पाहून मला रस्ता बदलू देऊ नकोस. मला त्याचं नाव विचारायचं धैर्य दे, आणि त्यानंतर जे करावं लागेल ते करायला बळ दे. प्रभू येशूच्या नावानं मागतो. आमेन.